या वेळचा ब्रेक

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते बघायचं असेल, तर अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका काचेच्या बिल्डिंगीत सहाव्या मजल्यावर यावं. तिथे चार माणसं बसून अख्ख्या युरोपची प्रगती मोजतात. दोन हजार तीसपर्यंत किती लोकांच्या हाताला काम हवं, किती जणांनी नवं काही शिकायला हवं, किती माणसं गरिबीतून वर यायला हवीत, हे तिकडच्या मोठ्या लोकांनी ठरवून ठेवलंय. ठरवलं ते खरंच होतंय का, हे बघायचं काम फिरत फिरत ब्रसेल्सच्या एका संस्थेकडून मरोळला आलं. देश पुढे सरकला तर हिरवा, रेंगाळला तर पिवळा, मागे गेला तर लाल.

संघमित्राला हे काम आवडायचं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणायचं, बाई कामचुकार होती. कामचुकार कसली! कुठल्या देशाने व्याख्या बदलून लबाडी केली की हिला वासच यायचा. चौघांनी मिळून त्या देशांना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. एक थोरले काका, एक मधली आत्या, एकाला तर सगळे सासरच म्हणायचे.

"थोरले काका या वर्षी पण हिरवे गं," तेजल खुर्चीवरून ओरडायची.

"आणि मधली आत्या?"

"आत्याची वाट लागलीय. पोरांना नोकऱ्या नाहीत, पाळणाघरं नाहीत, पण तोरा बघ."

संघमित्राच्या वाट्याला जो रकाना होता तो असा: तात्पुरत्या कंत्राटावर लागलेल्यांपैकी किती जण पुढे कायम झाले. आता यावर हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा, कारण ती स्वतः चार वर्षं तिथे तात्पुरतीच होती. चौघेही होते. दर अकरा महिन्यांनी ब्रेक. म्हणजे कागदावर नोकरी संपायची, कार्ड बंद व्हायचं, दोन दिवस घरी बसायचं आणि तिसऱ्या दिवशी नव्या पत्रावर नव्याने कामाला लागायचं, जणू आजच पहिल्यांदा आलो. माणूस कधी कायम होऊ नये म्हणून मारलेली ही पाचर. आणि गंमत बघा, ज्याचा ब्रेक त्याने जाताना सगळ्यांना समोसे आणायचे अशी टीममध्ये प्रथाच पडून गेली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, आणि वर पाषाणांची पार्टी!

संघमित्राला सहावा महिना लागला होता तेव्हा केयूर तिच्या टेबलापाशी आला. केयूर म्हणजे टीम लीड, बोरिवलीचा. स्वभावाने वाईट नाही. असले निरोप आणायला वाईट नसलेली माणसंच धाडतात.

"मित्रा, तुझा ब्रेक सोमवारपासून ना?"

"हो. समोसे आणू की पॅटिस?"

"या वेळी जरा मोठा आहे." तो तिच्या स्क्रीनकडे बघत बोलत होता. "शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, आठेक महिने. डिलिव्हरी होऊ दे, बाळ जरा बसायला लागू दे, मग ये आरामात. तुझ्यासाठीच चांगलं ना."

"आणि मॅटर्निटीची रजा?"

"ब्रेकमध्ये कसली रजा, यार."

"म्हणजे काढलं मला."

"काढलं काय म्हणतेस! ब्रेक म्हण ना."

तिचे कान तापले. घर दोघांच्या पगारावर चालत होतं. नवरा आकाश घाटकोपरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन, तोही कंत्राटावरच. ऐन बाळंतपणात पगार नाही, आणि आठ महिन्यांनी ही खुर्ची आपल्यासाठी रिकामी असेल याची खात्री कोण देणार? ती तडक एचआरच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, मी कशावरही सही करणार नाही."

शर्मिष्ठा मॅडम गोड हसल्या. "सही लागतच नाही गं. मुदत आपोआप संपते."

त्या संध्याकाळी ती स्वतःच्या घरी न जाता विक्रोळीला, कन्नमवार नगरात पप्पांकडे गेली. सीतारामने मुलीचं सगळं ऐकून घेतलं. त्याने आयुष्य तिथल्याच एका कारखान्यात काढलं होतं.

"म्हणजे बदली कामगारच की तू," तो म्हणाला.

"पप्पा, हे वेगळं आहे."

"काय वेगळं? तुला एसी आहे, एवढंच." तो उठून खिडकीशी गेला. "शेजारचे मला शांताराम का म्हणायचे, माहितीय तुला?"

तिला लहानपणापासून वाटायचं की ते लाडाचं नाव असेल.

"लाडाचं!" सीताराम हसला. "पहिल्या खेपेला मी सीताराम होतो. ब्रेक दिला. मुकादम म्हणाला, परत यायचं तर दुसरं नाव सांग, म्हणजे रेकॉर्डला नवा माणूस. मग शांताराम झालो. पुढे काशीराम. मशीन तेच, डबा तोच, हात हेच. सकाळी हजेरीला नाव पुकारलं की 'हजर' म्हणायच्या आधी आठवायला लागायचं, आज आपण कोण आहोत. तुला कॉम्प्युटरवर बसलेली बघितली तेव्हा वाटलं होतं, संपलं एकदाचं ते."

संघमित्राला बापाचा राग आला, मग बापाला हे करायला लावणाऱ्यांचा आला, आणि मग चार वर्षं समोसे वाटत फिरलेल्या स्वतःचा आला.

"तुझं नाव तर नाही ना बदललं त्यांनी?" सीतारामने विचारलं.

"नाही."

"मग त्याच नावाने भांड. उगीच नाही ठेवलंय ते."

शुक्रवारी ब्रसेल्सच्या बाईंबरोबर दर आठवड्याचा कॉल होता. मार्टिना नाव त्यांचं. भली बाई, कधी आवाज चढवायची नाही, सणावारी शुभेच्छा द्यायची. अहवाल सोमवारी जायचा होता आणि कायम झालेल्यांच्या रकान्यावर तिला पुढच्या आठवड्यात काही विचारायचं होतं.

"संघमित्रा नसेल," केयूर घाईघाईने इंग्रजीत म्हणाला. "सोमवारपासून ती ब्रेकवर आहे. आठ महिने."

मार्टिनाचा चेहरा उजळला. "आठ महिने? बाळासाठी? किती छान! आमच्याकडे कितीतरी आयांना एवढा मिळत नाही. केयूर, हे सगळ्यांना देता तुम्ही?"

"हो हो. सगळ्यांना. दर अकरा महिन्यांनी," केयूरच्या तोंडून निघून गेलं.

"दर अकरा महिन्यांनी!" मार्टिना हरखूनच गेली. "हे मी आमच्या माणसांना सांगणार आहे. मोजणारेच मोजमापाच्या पुढे निघाले म्हणायचे!"

तेजलने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. टीममधली चौथी, दीप्ती, मात्र हसली नाही. तिचा ब्रेक पुढच्या महिन्यात होता, आणि दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. लग्न झालेल्या मुलींचे ब्रेक लांबतात, हे आता सगळ्यांना कळून चुकलं होतं.

संघमित्राने माइक सुरू केला. टेबलाखालून केयूर हात हलवत राहिला, तिने बघितलंच नाही.

"मार्टिना, हा तो ब्रेक नाही."

आणि तिने सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य, जसं ती देशांबद्दल सांगायची तसं. कार्ड कसं बंद होतं, नवं पत्र कसं येतं, पोट दिसायला लागलं की दोन दिवसांचे आठ महिने कसे होतात. "तुमच्या शीटमध्ये आमच्या ऑफिसची ओळ टाकलीत तर माझ्याच रकान्यात ती लाल येईल," ती म्हणाली. "चार वर्षांत इथे एकही जण कायम झालेला नाही. रंग मीच भरते, म्हणून मला माहितीय."

मार्टिनाने चष्मा काढला. तिला धक्का बसला होता आणि तो खरा होता. हे आपण वर कळवू, असं ती म्हणाली.

संध्याकाळी तिकडून एका ओळीचा मेल आला: नोंद घेतली आहे. घ्या! नोंदच तर घेतात ही माणसं, त्याचाच पगार घेतात. तिकडून कुणी घोड्यावर बसून येणार नव्हतं, हे संघमित्राला तेव्हाच उमगलं. आणि शर्मिष्ठा मॅडमना सोमवारपर्यंतही धीर निघाला नाही. कार्ड त्याच दिवशी बंद झालं.

"घरचं धुणं चव्हाट्यावर नेऊन धुतलंस," मॅडम म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"घरी धुऊ दिलं असतंत तर कशाला नेलं असतं?" असं म्हणून संघमित्रा पर्स उचलून निघाली.

सोमवारी ती आली. आकाश म्हणाला, सोडायला येऊ का. ती म्हणाली, भांडायला चाललेय, शाळेत नाही. गेटवर कार्ड चालेना, तेव्हा ती खालच्या लॉबीत मधल्या सोफ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला पोट नीट दिसेल अशी बसली.

"मॅडम, कोणाला भेटायचंय?" वॉचमनने विचारलं.

"कोणाला नाही. कामावर आलेय."

वॉचमन गोंधळला आणि त्याने पंखा तिच्याकडे वळवला. वरून दोनदा निरोप आला की तिला जायला सांगा. दोन्ही वेळा ती म्हणाली, बरं, आणि बसून राहिली. भीती वाटत होती, नाही असं नाही. बाळ मात्र आत मजेत लाथा मारत होतं.

मग दीप्ती चहा घेऊन खाली आली. कप दिला, शेजारी बसली आणि परत वर जायचं नावच घेईना. थोड्या वेळाने तेजल आली. "वर बोअर होतंय," एवढंच म्हणून तीही टेकली.

शेवटी केयूर घामाघूम होऊन लिफ्टमधून बाहेर आला. "अगं, काय चाललंय? अहवाल आज जायचाय! मधली आत्या अर्धी राहिलीय!"

"आत्याला म्हणावं, ब्रेक घे," तेजल म्हणाली.

वॉचमनसुद्धा हसला. केयूर नाही हसला. तो थोडा वेळ लिफ्ट आणि सोफा यांच्यामध्ये तसाच उभा राहिला, मग वर गेला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. जेवणाची वेळ टळून गेल्यावर शर्मिष्ठा मॅडम स्वतः खाली उतरल्या. मागे केयूर होता. मॅडमच्या हातात एक कागद होता.

संघमित्राने तो नीट वाचला. मग पुन्हा वाचला. नोकरी पुढे चालू, ब्रेक नाही, बाळंतपणाची रजा पूर्ण पगारी, रजेनंतर हीच जागा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोला. गेले पाच दिवस ती धड झोपली नव्हती.

तिने सही केली. आपली प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली, चेन लावली. आणि पुन्हा सोफ्यावर बसली.

"चला आता वर," मॅडम म्हणाल्या. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता काय राहिलं?"

"हिचं," संघमित्रा दीप्तीकडे हात करून म्हणाली. "मग तेजलचं."

"हे बघ, ही तुझ्यापुरती खास बाब होती—"

"केयूर," संघमित्राने मॅडमना मध्येच तोडलं, "तुझा पुढचा ब्रेक कधी रे?"

केयूरने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की दुसरा कुणी असता तर लिफ्टकडे पळाला असता. त्याने गळ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं आणि सोफ्याजवळ आला.

"मार्चमध्ये," तो म्हणाला. "सरक जरा."