चालू असेल तर हात लावू नये

"हनीफभाई, परत थांबलं राव!" फोनवर ज्योतीराम ओरडत होता. "अर्धं लेबल भाईर, अर्धं प्रिंटरच्या पोटात. गाडी लागलीय, ड्रायव्हर माझ्या डोक्यावर बसलाय."

"बघतो भावा, बघतो," म्हणून हनीफभाईंनी फोन ठेवला. डिस्पॅचमधल्या ज्योतीरामच्या शिव्या त्यांना नव्या नव्हत्या, पण कालपासून त्या जरा जास्तच झाल्या होत्या.

चाकणच्या या गिअर बनवणाऱ्या कंपनीतून लेबलाशिवाय एक खोकं बाहेर जात नाही. लेबलं छापून घेणारी सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवर पडद्याआड सतत चालणारा प्रोग्राम, हनीफभाईंच्या ताब्यात. ते मूळचे प्रिंटर दुरुस्त करणारे; कंपनीने हळूहळू त्यांना सर्व्हर रूममध्ये ओढलं. वर्षानुवर्षं त्यांचा नेम ठरलेला होता. पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी यायचं, बिस्मिल्ला म्हणायचं, सर्व्हिस बंद करायची आणि पुन्हा चालू करायची. ती अगदी छान चाललेली असली तरी! आपल्या हाताने बंद-चालू केल्याशिवाय त्यांचा कशावरच भरवसा बसत नसे. चिखलीच्या घरातला फ्रिज आणि पाण्याची मोटर यांचीही यातून सुटका नव्हती.

"मला बटण नाही ते बरंय," खैरुन्निसा म्हणायची, "नाहीतर मलाही रोज सकाळी बंद करून चालू केलं असतं."

या नेमापायी हनीफभाई कधी कुठे गेले नाहीत. लेक अफरीनला लातूरच्या नर्सिंग कॉलेजात सोडायलाही खैरुन्निसा एकटीच गेली होती. उद्या त्याच कॉलेजात मुलींच्या शपथेचा कार्यक्रम होता. हातात दिवा घेऊन प्रत्येकीने शपथ घ्यायची होती.

"या वेळी आला नाहीत, तर अफरीनला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार," खैरुन्निसाने सकाळी डबा देताना बजावलं होतं. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं होतं.

आणि म्हणूनच तर हनीफभाईंनी हे काम ऑटोमेशनवर टाकलं होतं. कोणती सर्व्हिस कोणत्या अवस्थेत हवी ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मग एक प्रोग्राम दिवसभर थोड्या थोड्या वेळाने सगळ्या सर्व्हरवर फेरी मारतो आणि तसं करून ठेवतो. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दिव्या नावाच्या मुलीने शिकवलं, हनीफभाईंनी हौसेने स्वतः लिहिलं. ती फाइल लागू झाली आणि लेबलं अर्ध्यात थांबायला लागली.

दिव्याने खुर्ची जवळ ओढली. "लेबलच्या सर्व्हिससमोर काय लिहिलंत, भाई?"

"रिस्टार्टेड."

"म्हणजे फेरी आली की काय होणार?"

हनीफभाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्लाह! छापता छापता बंद करून चालू करतंय!"

"तुम्ही रोज करता तेच करतंय बिचारं, फक्त दिवसभर," दिव्या हसली. "तुम्ही पाळीच्या आधी करायचात, म्हणून कुणाला कळायचं नाही."

हनीफभाईंना हसू आलं आणि लाजही वाटली. आपली खोड त्यांनी जशीच्या तशी त्या प्रोग्रामच्या अंगी लावली होती.

"तिथे स्टार्टेड लिहा," दिव्या म्हणाली. "चालू असेल तर हात लावायचा नाही. बंद दिसली तरच चालू करायची. आणि खाली एनेबल्ड लिहा. मग लाइट जाऊन आली तरी सर्व्हरबरोबर ती आपोआप उठेल."

त्यांनी लिहिलं, फेरी मारून बघितली. हिरवी ओळ उमटली, बदल काहीच नाही.

"यानं तर काहीच केलं नाही!"

"केलं ना. बघितलं, चालू होती, पुढे गेलं."

संध्याकाळी निघताना हनीफभाई सर्व्हर रूमच्या दाराशी थबकले. जाण्याआधी एकदाच बंद-चालू करावं म्हणून बोटं शिवशिवत होती. खैरुन्निसाचा सकाळचा आवाज आठवला, आणि दार न उघडता ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या सभागृहात कार्यक्रम सुरू होतो न होतो तोच खिशात फोन थरथरला. ज्योतीराम! हनीफभाईंनी फोन बाहेर काढला. खैरुन्निसाने नाव वाचलं आणि मान स्टेजकडे वळवली. ते दाराबाहेर आले.

"भाई, सकाळी लाइट गेली व्हती. सर्व्हर-बिर्व्हर पार सगळं बंद."

हनीफभाई खांबाला टेकले. आता परतीची बस कधी, हेच त्यांच्या डोक्यात आलं. "मग?"

"मग काय? लाइट आली, आपोआप लेबलं निघाय लागली. गाडी गेली बी."

"मग फोन कशाला केलास राव!"

ज्योतीराम घुटमळला. "काय न्हाई. रोज तुमाला शिव्या घालायची सवय. आज कुणीच न्हाई. चुकल्या चुकल्यासारखं झालं."

हनीफभाई मोठ्याने हसले. आपल्यावाचून काही अडलं नाही याचा आनंद वाटला, आणि थोडं वाईटही वाटलं. त्यांनी फोन बंद केला, आणि कधी नव्हे ते, बंद केलेलं तसंच राहू दिलं.

आत येऊन बसतात तो अफरीन स्टेजवर आली. पांढरा गणवेश, हातात दिवा. वरचा पंखा गरगरत होता. ज्योत एकदम आडवी झाली. हनीफभाई खुर्चीतून अर्धे उठले, हात पुढे गेला. एवढ्यात अफरीनने दुसऱ्या हाताचा आडोसा केला. ज्योत सरळ झाली.

"बसा," खैरुन्निसा हळूच म्हणाली. "पेटलेला आहे तिचा दिवा."

ते बसले. पुढे गेलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला, आणि खैरुन्निसाने तो कार्यक्रम संपेपर्यंत धरून ठेवला.