काचेजवळचं टेबल

२००४ साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. शाळांना सुट्टी होती. ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळीच नऊ वर्षांची मदीहा रुसून बसली. तिला घरची बिर्याणी नको होती, शेवया नको होत्या. तिला चंद्रपूरच्या मासेवाल्या हॉटेलात जायचं होतं.

नागपूर रोडवर ऑगस्टमध्ये ‘जलमहल’ नावाचं फॅमिली रेस्टॉरंट निघालं होतं. आत शिरलं की समोरची अख्खी भिंत काचेची, दहा फूट लांब. काचेमागे निळं पाणी आणि पाण्यात मासे. घुग्घुसच्या शाळेतल्या मदीहाच्या चार मैत्रिणी तिथे जाऊन आल्या होत्या. मदीहा अजून गेली नव्हती, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. कारण ती काच तिच्या अब्बूने बसवली होती.

नईमचं घुग्घुसच्या बस स्टँडजवळ काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोच्या फ्रेमा, कोळशाच्या ट्रकखालून उडालेल्या गिट्टीने फुटलेल्या शोकेसच्या काचा, असली कामं. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. जुलैत पंधरा दिवस तो रोज मोटरसायकलवर चंद्रपूरला जाऊन येत होता. रात्री जेवताना मुलांना सांगायचा, आज खालची चौकट झाली, आज काच उभी केली, सहा माणसं लागली. मदीहाने ते सगळं वर्गात सांगितलं. तिचा पाच वर्षांचा भाऊ आकिब तर रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगायचा.

मग काम संपलं आणि नईमने त्याबद्दल बोलणं बंद केलं. मुलांनी जायचं नाव काढलं की तो काहीतरी कारण सांगायचा. आधी म्हणाला, नवीन हॉटेल आहे, गर्दी असते. मग गाडी बिघडली. मग रमजान लागला. त्याची बायको निशात हिला वाटायचं, माणूस बुजतो. बाहेर जाऊन खुर्चीत बसून कोणाकडून वाढून घ्यायची त्याला सवय नाही. त्या दिवशी तीच म्हणाली, आज जाऊ. पोरांची ईद आहे. नईम थोडा वेळ दारात उभा राहिला आणि मग चपला शोधायला लागला.

चौघे एकाच मोटरसायकलवर निघाले. आकिब टाकीवर, मदीहा मध्ये, निशात मागे. ट्रकांची धूळ चुकवायला सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. चंद्रपूरला पोहोचल्यावर निशातने हॉटेलच्या दाराशीच दोन्ही मुलांची तोंडं ओल्या रुमालाने पुसली. दुपारचा एक वाजला होता. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी होती, आठ-दहा माणसं दारात थांबलेली.

मालक विनोदभाऊ गल्ल्यावर बसले होते. नईमला पाहून ते उठलेच. सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, हे आमचे काचवाले नईमभाऊ, हे नसते तर हे हॉटेल नसतं. मग त्यांनी लच्छूला हाक मारली. लच्छू हा तिथला सगळ्यात वयस्क वेटर, केस पिकलेला, पायात कॅनव्हासचे बूट. त्याला सांगितलं, एक नंबरचं टेबल दे. एक नंबर म्हणजे काचेला अगदी खेटून असलेलं. दारातली माणसं त्याच टेबलाकडे डोळे लावून होती.

नईम म्हणाला, तिथे नको. हात धुवायच्या बेसिनजवळ एक टेबल रिकामं आहे, ते बरं आहे. पोराला सर्दी आहे, काचेजवळ गारवा लागेल.

आकिबला सर्दी नव्हती. मदीहाचा चेहरा पडला. तिने आईकडे पाहिलं. बेसिनजवळच्या टेबलावरून मासे दिसतच नव्हते, मध्ये खांब होता. निशातला नवऱ्याचा राग आला, आणि त्याची कीवही आली. ज्याने भिंत उभी केली तो बेसिनजवळ बसणार आणि बाकीचं शहर तिच्यासमोर बसून जेवणार. ती सहसा परक्या माणसाशी बोलत नसे. पण त्या दिवशी ती विनोदभाऊंना म्हणाली, “भाऊ, आमी काचेपाशीच बसतो. पोट्टे त्याच्यासाठीच आले.”

नईमने तिच्याकडे पाहिलं.

टेबलाशी त्याने खुर्च्यांची अदलाबदल केली. मुलांना पलीकडच्या बाजूला बसवलं आणि स्वतः काचेकडे पाठ करून बसला. पण मुलं कुठली बसतात. दोघंही उठून काचेशी गेली. आत केशरी मासे होते, काळे होते, एक तर चांदीच्या पट्ट्यासारखा लांब, जो वळताना अंग दुमडायचा. तळाशी प्लास्टिकची पेटी उघडायची आणि बुडबुडे सोडायची. आकिबने तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मदीहाने एका बोटाने काचेवर टकटक केलं. केशरी मासा तिच्या बोटापाशी आला. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची बाई वळून तिच्याकडे पाहायला लागली.

“काचेले हात नको लावू,” नईम म्हणाला. त्याचा आवाज इतका कडक होता की मदीहाने बोट फ्रॉकमध्ये लपवलं.

निशातने पनीर, डाळ आणि रोट्या सांगितल्या. बाहेर ती शाकाहारीच घ्यायची. जेवण यायला वेळ होता. तेवढ्यात नईम मागे वळला आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ती चौकटीत बसवली होती, तिथे त्याने अंगठा फिरवला. अंगठा ओला झाला. तो त्याने पँटला पुसला आणि पुन्हा फिरवला. पुन्हा ओला.

लच्छू पाण्याचे ग्लास घेऊन आला तेव्हा नईमने त्याला विचारलं, पाणी एवढं वरपर्यंत कधी भरलं. लच्छू म्हणाला, दिवाळीच्या आदल्या दिवशी. आधी वर वीतभर रिकामं दिसायचं, गिऱ्हाईक म्हणायचे अर्धंच का भरलं, म्हणून मालकांनी काठोकाठ भरायला लावलं.

नईम उठून गल्ल्याकडे गेला. निशातला इथून शब्द ऐकू येत नव्हते. नईम वाकून बोलत होता, हाताने छातीच्या उंचीवर काहीतरी रेघ दाखवत होता. विनोदभाऊ आधी हसले, मग दारातल्या गर्दीकडे बोट दाखवून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं बिल फाडायला घेतलं.

नईम परत आला तोवर लच्छूने पनीर आणि रोट्या मांडल्या होत्या. नईमने बसण्याआधीच आकिबला उचललं.

“उठ. मदीहाले घे,” तो निशातला म्हणाला.

निशातला वाटलं, मालकाशी काही वाकडं झालं. तिने विचारलं काय झालं. तो म्हणाला, बाहेर चल, मग सांगतो. आजूबाजूचे पाहायला लागले होते. ती हळू आवाजात म्हणाली, “लोकं पाहून राह्यले. बसा न. रोटी थंडी होते.” त्यावर त्याने मदीहाचं मनगट धरलं आणि तिला खुर्चीतून ओढून काढलं. आपल्या मुलीला त्याने असं कधीच ओढलं नव्हतं. मदीहा रडायला लागली आणि निशात पर्स घेऊन तिच्यामागे धावली.

टेबल रिकामं झालेलं दिसताच दारातलं एक कुटुंब घाईने पुढे आलं. नवरा-बायको, म्हातारी, बाईच्या कडेवर तान्हं. नईम त्यांच्या आडवा झाला. तो म्हणाला, इथे बसू नका. त्या माणसाला वाटलं हा टेबल अडवतो आहे. तो चिडून बोलायला लागला. लच्छू त्या दोघांना चुकवून टेबलाशी गेला आणि भरल्या ताटल्या उचलायला वाकला.

टक्, असा आवाज झाला. सुपारी फोडल्यासारखा, मोठा नाही. म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. लच्छूने मान वर केली.

आणि भिंत गेली.

निशातला नंतर किती वेळा विचारलं तरी तिला काच फुटताना दिसल्याचं आठवत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की आधी तिथे मासे होते आणि मग तिथे स्वयंपाकघराचं दार होतं, आणि दारात झारा धरून एक बाई उभी होती. पाणी कंबरेइतक्या उंचीने आलं. टेबल खुर्च्यांसकट सरकलं. तिचे पाय सुटले, ती खांबाला धडकली आणि तिने तो खांब धरला. मग पाणी दाराबाहेर वाहून गेलं आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत फक्त फटफट आवाज येत होता. सगळ्या फरशीवर मासे आपटत होते.

मुलं नईमच्या दोन्ही बगलेत होती, भिजलेली, पण उभी. तान्हं बाळ आईच्या खांद्यावर होतं. म्हातारी खाली बसली होती आणि आपल्या साडीच्या निऱ्यांत अडकलेल्या माशाकडे पाहत होती.

लच्छू भिंतीशी पडला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून खाली काचेने चिरून उघडा झाला होता. तो स्वतःच्या हाताकडे असा पाहत होता की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. नईम गुडघ्यांवर त्याच्यापर्यंत गेला. निशातने ओढणी काढून दिली. ती तिने काढली हेही तिला दवाखान्यात पोहोचल्यावर कळलं, डोकं उघडं आहे म्हणून. नईमने दंडाशी ओढणी आवळून बांधली आणि विनोदभाऊंच्या गाडीतून लच्छूला सरकारी दवाखान्यात नेलं. मागून एका ऑटोत निशात आणि मुलं.

दवाखान्याच्या बाकावर ते दोन तास बसले होते. आकिब झोपला. मदीहाचं रडणं केव्हाच थांबलं होतं. तिच्या फ्रॉकच्या कॉलरमध्ये निळे खडे अडकले होते, टाकीच्या तळाचे. निशात ते एकेक करून काढत होती.

हवालदार आला तेव्हा विनोदभाऊ त्याच्याशी बोलले. ते घाबरले होते, ओलेचिंब होते. ते म्हणाले, गर्दी होती, लहान पोरं काचेवर ठोकत होती, कशाने गेली काय सांगावं. त्यांनी मदीहाकडे पाहिलं नाही, पण हवालदाराने पाहिलं. त्याने विचारलं, “बाई, तू मारलं का काचेले काही?”

मदीहाने आपलं एक बोट पुढे केलं.

“मी हे लावलं होतं,” ती म्हणाली. “माझ्यानंच फुटलं.”

नईम समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बसला, मुलीच्या पायाशी, ओल्या फरशीवर. त्याने तिचं बोट मुठीत घेतलं आणि हवालदाराकडे न पाहता तिच्याशीच बोलायला लागला.

“तुयानं नाई फुटलं, बेटा. काच पातळ होती. मी बारा एमएमची सांगितली, दहाची आली. मले मालूम होतं. मी बसवली.”

विनोदभाऊ काहीतरी बोलायला गेले. नईम बोलतच राहिला. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, काच परत पाठवायला वेळ नव्हता. पाणी वीतभर कमी ठेवा असं त्याने मालकांना सांगितलं होतं आणि ते हो म्हणाले होते. हवालदाराने वही उघडली. नईमने तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हळूहळू, लिहिता येईल असं. मग सही केली.

निशात ऐकत होती. तिला वाटलं आपण अजून पाण्यातच आहोत आणि आवाज वरून कुठूनतरी येतो आहे. काचेजवळ बसायचा हट्ट तिचा होता. त्याने सर्दीचं कारण सांगितलं, गाडीचं सांगितलं, रोज्यांचं सांगितलं. खरं कारण तेवढं सांगितलं नाही.

“आमाले काऊन नाई सांगितलं?” तिने विचारलं.

तो म्हणाला, “पोट्टे सगळ्यायले सांगत होते, अब्बूनं बनवलं म्हणून.”

लच्छूचा हात वाचला, पण दोन बोटं पुढे कधी वळली नाहीत. नईम आणि विनोदभाऊ दोघांवर केस झाली. ती दीड-दोन वर्षं चालली, दोघांना दंड झाला. जलमहल बंद पडलं. नईमने मोठी कामं घेणं सोडलं. दर जुम्म्याला नमाज झाली की तो लच्छूच्या घरी जायचा. सुरुवातीला लच्छूची बायको त्याला अंगणातच उभं ठेवायची. नंतर खाट टाकायला लागली.

मदीहाला त्याने त्या दिवशी दवाखान्यात सांगितलं ते पटलं. मुलांना खरं सांगितलेलं पटतं. निशातचं मात्र तसं झालं नाही. त्या घटनेच्या आठवड्याभराने ती पोळ्या लाटत होती आणि एकदम तिचा हात थांबला. नईम दारात आकिबच्या सायकलला हवा भरत होता. तिने लाटणं खाली ठेवलं आणि ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“तीन महिने तुमी आमाले तिथी जाऊ नाई दिलं,” ती म्हणाली. “आन मदीहाच्या मैत्रिणी गेल्या, त्याच टेबलापाशी बसल्या. तेव्हा तुमी काय करत होते?”

नईमचा हात पंपावरच राहिला. आत तव्यावरची पोळी करपायला लागली होती, तिचा वास दारापर्यंत आला. दोघांपैकी कोणीही हललं नाही. शेवटी मदीहाच धावत आत गेली आणि तिने गॅस बंद केला.