शेवाळ कौलांखाली गेलं

छपरावरचं शेवाळ कालच काढलं, तरी रात्रीच्या पावसात सासूबाईंची गादी भिजलीच. सकाळी नवरा पुन्हा शिडीवर चढला, तेव्हा सुनेला कारण दिसलं. तो ब्रश खालून वर मारत होता आणि निघालेलं शेवाळ कौलांखाली कोंबत होता.

“अहो, वरून खाली घासा म्हणून किती कानीकपाळी ओरडायचं?”

“आढ्यापर्यंत चढलो की चक्कर येते गं.”

“मग आधी बोलायला काय झालं होतं?”

“आई हसली असती.”

“मी रात्रभर भिजले, मेल्या!” सासूबाई आतून कडाडल्या. “हसते कसली?”

सुनेने त्याला खाली उतरवून ब्रश हिसकावला आणि शिडीवर पाय ठेवला.

“शिडी तरी घट्ट धरा. की ती धरतानाही चक्कर येते?”

त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली, डोळे मात्र मिटून.