मागच्या सीटवरचा कौल

सकाळचे अकराही वाजले नव्हते, तोवर गॅरेजच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत काकांची जुनी गाडी उभी होती. दोन वर्षं खपून काकांनी ती नवी करून घेतली होती. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते, पण लोकांच्या मते ते अजून तिच्यातच होते. मागच्या सीटवर डाव्या बाजूला दिवेमहाराज डोळे मिटून बसले होते, शेजारी काकू. चारही दारं सताड उघडी, तरी छतातला दिवा बंद.

"हे देहातीत चैतन्या, आहेस का घरात?" शेजाऱ्याकडे साखर मागावी तशा सुरात महाराजांनी विचारलं.

दिवा लागला. गर्दीने हात जोडले.

"लागला तर हो, नाही लागला तर नाही. विचार, माई."

काकूंनी कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. "अहो, डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ का?"

दिवा लागला नाही.

"नको म्हणतायत! डोळ्याला शस्त्र लावू नकोस. माझं अंजन घाल, सात आठवडे."

गर्दीच्या कडेला वायरमन उभा होता. गाडीचं सगळं वायरिंग त्याच्या हातचं. सकाळी काकूंची मुलगी त्याच्या दुकानात येऊन रडली होती. "दादा, मोतीबिंदू पार पिकलाय. आता लांबवलं तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टर म्हणतात. आणि आई म्हणते, गाडीतला दिवा लागत नाही, म्हणजे तुझे वडील नको म्हणतायत!"

तेव्हापासून त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. बोलावं तर स्वतःची चूक निम्म्या गिऱ्हाइकांसमोर कबूल करायची. न बोलावं तर काकूंचा डोळा. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याचा पाय उचलत नव्हता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुढे झाला.

"महाराज, जरा मांडी घालून बसता का? पाय वर."

"कशाला?"

"चैतन्याला तुमच्या पायांचं काय काम?"

"बसा की, काय झिजतंय?" मागून कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी नाइलाजाने मांडी घातली आणि चैतन्याला तीनदा हाक मारली, प्रत्येक वेळी जरा जोरात. दिवा ढिम्म. महाराजांच्या पाचावर धारण बसली.

"उतरा आता. काकू, तुम्ही इकडे सरका. डावी टाच मागे घ्या, सीटच्या पायाशी दाबा."

काकूंनी दाबली. दिवा लागला. उचलली, विझला.

"दिव्यापर्यंत वीज नेहमीच येते," वायरमन म्हणाला. "परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते. दार उघडलं की चौकटीतलं बटण ती वाट जोडतं. पण बटण बसवताना मी खालचा नवा रंग खरवडला नाही, त्यामुळे ते पत्र्याला टेकतच नाही. त्यात सीट बसवताना दिव्याकडून बटणाकडे जाणारी वायर चेपली, तांबं उघडं पडलं. टाच दाबली की ते पत्र्याला लागतं. दोन्ही चुका माझ्या."

"टाचेला प्रेरणा चैतन्यच देतं!" महाराज ओरडले.

"मग आईच्या डोळ्याला नको म्हणणारी टाच कुणाची होती?" मुलीने विचारलं.

महाराजांनी अंजनाच्या डब्या गोळा केल्या आणि काढता पाय घेतला.

काकू मात्र टाच दाबत राहिल्या. लागला. विझला. "म्हणजे हे नव्हतेच का रे इथे?"

वायरमनला फार वाईट वाटलं. या बाईचा नवरा एकदा मरणाने नेला आणि आता आपण हिरावून घेतला, असं त्याला वाटलं. त्याने चिठ्ठी पुढे केली. "काकांनी जायच्या आधी आठ दिवस पाठवली होती. मी खिळ्याला अडकवली आणि विसरलो."

काकूंनी ती नाकाशी धरली, मग उजेडात धरली. नुसता निळा डाग दिसत होता. "वाच गं."

मुलीने वाचलं. "दार उघडून दिवा लागत नाही. मागे डावीकडे टाच दाबली की लागतो. वायर चेपली असावी. सवडीने बघ."

म्हणजे काकांनाही तो दिवा असाच अवचित लागलेला दिसला होता. त्यांनी हात जोडले नाहीत, खाली वाकून का लागला ते पाहिलं. तेवढं वाकायची तयारी प्रत्येकाने ठेवावी, आणि डोळ्याचं विचारायचं ते डॉक्टरांना विचारावं.

काकूंनी चिठ्ठीची घडी घातली.

"डॉक्टरांना फोन लाव," त्या मुलीला म्हणाल्या. "हे मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय."