कुंभारणीचं घर

झुंबरबाईंचा माशीवर जेवढा विश्वास होता, तेवढा सुनांवर नव्हता. कुंभारीण माशीनं घरात मातीचं घर बांधलं की पाळणा हलणार, हे केडगावच्या त्या वस्तीवर ठरलेलं. घर लांबट असलं तर पोरगा, गोल असलं तर पोरगी. आणि पोरगी म्हटलं की दौंडचा एक डॉक्टर. त्याच्या भिंतीवर 'इथे मुलगा-मुलगी सांगितले जात नाही' अशी ठळक पाटी होती. आत सगळं सांगत, आणि नको असलं तर पाडूनही टाकत. पहिल्या मुलीनंतर थोरली सून अनुपमा तिथं एकदा जाऊन आली होती. येताना जीपमध्ये तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं.

आता पुन्हा तिसरा महिना होता, आणि तिच्या दाराच्या चौकटीवर बोराएवढं गोल मडकं आलं.

"वलं हाय अजून. वाळू दे, मंग बघू," झुंबरबाई म्हणाल्या.

गरवार बाईच्या घरातलं ते घर मोडायचं नसतं. अनुपमा नुसती बघत राहिली. चौकटीवरची माशी पिवळी, बारीक कमरेची. ती हिरव्या अळ्या आणून आत कोंबायची. गोठ्यातल्या भिंतीवरची काळी, लांब नळ्या बांधणारी. ती कोळी आणायची. दोघी जातीनंच वेगळ्या. अनुपमाच्या पोटात काय आहे, याच्याशी दोघींनाही काडीचं देणंघेणं नव्हतं.

दुपारी सासूबाई मळ्यात गेल्यावर तिनं मडकं फोडलं. आतल्या अळ्या जिवंत होत्या, फक्त पळता येत नव्हतं. वर धाग्याला अंडं लोंबत होतं. तिनं सगळं चुलीत टाकलं. गोठ्यातली नळी उलथन्यानं सोडवली आणि ओल्या मातीनं चौकटीवर चिकटवली.

"बघा, माशीनं इचार बदलला!" झुंबरबाईंनी नळीला हळदकुंकू वाहिलं.

माशीनं विचार बदलला नव्हता, जागा बदलली. आठवड्याच्या आत धाकट्या पूनमच्या खिडकीवर गोल मडकं उभं राहिलं. पूनमलाही दिवस गेले होते.

"सोमवारी दौंड," झुंबरबाई म्हणाल्या.

पूनम धावत अनुपमाकडं आली. "ताई, तुमी शिकलेल्या. आत्याबाईंना सांगा ना, माशीला काय कळतंय म्हणून."

अनुपमानं तोंड उघडलं. पण माशीला कळत नाही म्हटलं, तर तिच्या चौकटीवरच्या नळीलाही कळत नव्हतं. हात आपसूक पोटावर गेला.

"जाऊन ये," ती म्हणाली. "लवकर होतं."

फाल्गुनात अनुपमाला मुलगी झाली.

"माशीबी लबाड निघाली!" झुंबरबाईंनी केरसुणीच्या बुडख्यानं नळी पाडली आणि बाळाकडं न बघताच बाहेर गेल्या.

पूनम माती भरायला वाकली. नळीच्या पाठीला निळा चुना चिकटलेला होता. घराला पांढरा रंग होता. निळा चुना एकट्या गोठ्याला. तिनं तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि सुपलीत टाकला. अनुपमा मान खाली घालून बाळाला पाजत होती.

"तुमी म्हणला होता ते खरं हाय, ताई," पूनम म्हणाली. "लवकर झालं."

आणि सुपलीतली माती घेऊन ती उकिरड्याकडं गेली.