मावशीचा फुकट्या

मी फुकट्या बोलतोय. हे नाव मला काकांनी चिकटवलं, आणि तेव्हा मला त्याचा इतका राग आला होता की विचारू नका. खरं तर मी शोधयंत्र. वेबसाइटच्या माथ्यावर एक कोरी चौकट असते, तिच्यात तुम्ही हवं ते टाइप करता आणि खाली भराभर उत्तरं येतात, ती आणून देणारा मी. उत्तर आलं तर कुणी आभार मानत नाही. नाही आलं की शिव्या मात्र मलाच.

मला कुणा एकाने घडवलं नाही. ज्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत अशा शंभरेक माणसांनी आपापली कामं सांभाळून मला थोडं थोडं लिहिलं, आणि माझं सगळं पोट उघडं ठेवलं. कुणीही यावं, आत बघावं, घेऊन जावं, बिघडलं तर दुरुस्त करावं. शिकलेली माणसं याला मुक्त स्रोत म्हणतात. काका म्हणतात फुकट.

मी ज्या घरी आलो तिथे शिलाई मशीनचे सुटे भाग विकतात. खाली दुकान, वर घर. दुकान मावशीचं, म्हणजे जिने मला आणलं त्या भाचीच्या मावशीचं. काका म्हणजे तिचे यजमान. सगळं गिऱ्हाईक फोनवर. सव्वीस वर्षं मावशी फोन उचलून एवढंच म्हणायची, ‘हं, बोला.’ समोरच्याचं अर्धं वाक्य होईपर्यंत तिचा हात बरोबर त्या खणात गेलेला असायचा. वेबसाइट होती, पण तिच्यावरची शोधाची चौकट नावालाच. लोक तिथे डोकं आपटून शेवटी फोनच करायचे.

मग मावशीचा आवाज बसला, तो उठेचना. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. ती साधी होती हे नशीब, पण काढावी लागणार होती. आणि काढल्यावर तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ‘बोललात तर आवाज कायमचा जाईल,’ असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

काका घरी येऊन म्हणाले, “तीन आठवडे? अहो, ही झोपेतसुद्धा गप्प नसते!”

हसले सगळे, पण घाबरलेही सगळेच. फोन वाजला की मावशीचं तोंड आपोआप उघडतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भाची लोकांना वेबसाइट आणि ॲप करून देते. ती म्हणाली, “मावशी, फोन वाजायलाच नको अशी चौकट बसवते मी. तू नुसती बस.”

तिने आम्हा तीन शोधयंत्रांची परीक्षा घेतली. पहिला कुलूपबंद. रूप देखणं, उत्तर झटपट, पण आत काय चालतं ते कुणाला दिसायचं नाही आणि मालकाच्या मर्जीशिवाय त्याचा स्क्रूही हलायचा नाही. दुसरा थोरला. माझ्यासारखाच मोकळा, ताकद अफाट, पण खाणंही तसंच. काउंटरखालच्या छोट्या संगणकावर त्याला बसवला तर आतला पंखा असा घोंगावला की काका दोन पावलं मागे सरले. तिसरा मी, लहानखुरा.

भाचीने टाइप केलं, ‘बॉबिन केस’. आम्ही तिघांनी आणून दिली. ‘शटल’. आणून दिलं. ‘सोळा नंबरची सुई’. हजर! अहो, सापडणारच. जी यादी तिने स्वतः आम्हाला वाचायला दिली होती, त्यातलीच नावं ती विचारत होती. वेबसाइट करणारी बहुतेक मंडळी हीच चूक करतात, आणि आम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळतात. मीही तेव्हा कॉलर ताठ करून बसलो होतो, खोटं कशाला सांगू.

निवड कुलूपबंदाची झाली. “फुकट्याला काढून टाक,” काका म्हणाले. “फुकट देतायत म्हणजे काहीतरी खोट असणारच.”

भाचीने मलाही काढलं नाही आणि थोरल्यालाही नाही, नुसतं बाजूला ठेवलं. बरं झालं बाई.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी मावशीला वर घरात करमेना, म्हणून गळ्याला रुमाल गुंडाळून, पाटी आणि खडू घेऊन ती दुकानात येऊन बसली. त्याच दिवशी नवी चौकट लोकांसाठी सुरू व्हायची होती. तेवढ्यात फोन वाजला आणि काकांनी उचलला.

“हॅलो… काय होतंय? घरटं? नाही हो, आम्ही पक्ष्यांचं काही ठेवत नाही.”

मावशीचे डोळे मोठे झाले. ओठ उघडले.

“मावशी, नको!” भाची ओरडली आणि तिने चक्क मावशीच्या तोंडावर हात दाबला.

एक शब्द गेला असता आणि त्याच्याबरोबर तिचा आवाज गेला असता.

मावशीने भाचीचा हात बाजूला केला आणि पाटीवर लिहिलं, ‘शिवताना खाली धाग्याचं घरटं होतंय. हे शोध.’ भाचीने आधी कुलूपबंदाला विचारलं. काहीही सापडलं नाही. थोरल्याने धापा टाकत तेच सांगितलं. मग माझी पाळी. मीही तेच म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीने लिहिलं, ‘वरचा धागा ताणणारी स्प्रिंग. खण बारा.’ काकांनी ते फोनवर वाचून दाखवलं. पलीकडच्या बाई खूश. इथे भाची मात्र खुर्चीत मटकन बसली.

“काका, मी भागांची नावं शोधत बसले,” ती म्हणाली. “लोक नाव कुठे सांगतात? ते दुखणं सांगतात. हे असंच चाललं तर एक ना एक दिवस मावशीच्या तोंडून शब्द निसटणार.”

तिने कुलूपबंदाच्या मालकाला लिहिलं, ‘अशा वाक्यांसाठी आतून थोडा बदल हवा आहे.’ उत्तर आलं, ‘आपली सूचना नोंदवली आहे.’ झालं! नोंद घेतली आणि विषय संपला. थोरल्यात बदल करता आला असता, पण तो बसेल एवढं मोठं यंत्र आणून लावेपर्यंत तीन आठवडे सरले असते. शेवटी तिने मला उघडलं.

खोट होती, काकांचं तेवढं खरं. लांब वाक्य आलं की त्यातला प्रत्येक शब्द जुळलाच पाहिजे असा माझा हट्ट असायचा. एक जरी नाही जुळला तरी मी हात वर करायचो. पण माझी खोट दिसत होती, हे महत्त्वाचं. भाचीने मला घडवणाऱ्यांच्या पानावर प्रश्न टाकला. कुठल्या कोपऱ्यात राहते कोण जाणे, एका बाईने जेवणाच्या वेळेपर्यंत उत्तर दिलं, ‘ही ओळ बघ, इथे अडतंय.’ भाचीने ओळ बदलली आणि माझा हट्ट सुटला.

मग मावशी बसली लिहायला. ‘चाक फिरतं पण सुई हलत नाही.’ ‘कापड पुढे सरकत नाही, जागीच भोक पडतं.’ ‘मधला मधला टाका गाळतं.’ पाटी भरायची, भाची ते माझ्यात उतरवून शेजारी भागाचं नाव लावायची, पाटी पुसायची, पुन्हा भरायची. सव्वीस वर्षांत ऐकलेलं सगळं बाहेर आलं. बोलायला बंदी असलेली बाई इतकं बोलली की खडूचे दोन डबे संपले.

मग कुलूपबंदाच्या जागी मला बसवून चौकट लोकांसाठी सुरू झाली, आणि फोन कमी झाले. मला जे सापडलं नाही त्याची यादी मी ठेवतो. रोज सकाळी चहा घेता घेता मावशी आणि भाची ती वाचायच्या. पहिल्या सकाळी तीस ओळी, मग बारा, मग चार. एका सकाळी एकाच माणसाने पाच वेळा विचारलेलं निघालं. ‘मशीन रुसलंय.’ ‘मशीन फार रुसलंय.’ ‘मशीन ऐकतच नाही हो.’ मावशीला हसू फुटलं आणि हसायलाही बंदी, तेव्हा ती तोंडात रुमाल कोंबून नुसती हलत राहिली. मग तिने लिहिलं, ‘हे आपले म्हातारे शिंपीदादा. पट्टा सैल झालाय. रुसलंय म्हणजे पट्टा.’ दुपारी दादांनी सहाव्यांदा विचारलं तेव्हा मी पट्टा पुढे केला. त्यांनी मागवला. त्या दिवशी फोन एकदाही वाजला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

काका माझ्या चौकटीत स्वतः ‘घरटं’ टाइप करून बघू लागले. दर वेळी स्प्रिंग आली की म्हणायचे, “शाबास रे फुकट्या!” आता त्या नावाचं मला काही वाटत नाही.

भाचीने केलेली दुरुस्ती तिने मला घडवणाऱ्यांकडे परत पाठवली आणि त्यांनी ती घेतली. अशा दुरुस्तीबरोबर ती चालते की नाही हे तपासणारं एक वाक्य ठेवावं लागतं. तिने ठेवलं, ‘शिवताना खाली धाग्याचं घरटं होतंय.’ तेव्हापासून माझी नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ते वाक्य विचारलं जातं. कुठल्यातरी औषधाच्या दुकानात, कुठल्यातरी ग्रंथालयात मी बसतो तेव्हा मावशीची पाटी माझ्या पोटात असते.

तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, “जखम भरलीय. हळूहळू बोला.” पण मावशी बोलेना! घरी येऊनही पाटीच. दुसऱ्या दिवशीही पाटीच. काकांनी खूप आग्रह केला तेव्हा तिने लिहिलं, ‘आलाच नाही आवाज तर?’

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तीन घंट्या झाल्या. भाची जागची हलली नाही. मग मावशीनेच उचलला. पलीकडे शिंपीदादा. “पट्टा बसवला, मशीन खुशीत आहे. मला काही नको. ताईंचा आवाज आला का, तेवढंच विचारायला केलाय.”

मावशीने खडू खाली ठेवला.

मी इथे थांबतो. फार बोललो, आणि मला ऐकायचंय. आवाज जरा जाडसर झालाय, पण तिचाच आहे.

“हं, बोला.”