शिंपल्यांचा दोर

यशोधराने कारखान्यातली नोकरी सोडून बदलापूरजवळ उल्हास नदीत मोत्यांची शेती सुरू केली, तेव्हापासून तिचा धाकटा भाऊ आकाश तिच्याशी धड बोलत नव्हता. "शिंपल्यांवर घर चालतं का, ताई?" असं एकदा विचारून त्याने विषय बंद केला होता. शेवटी बायकोच्या, प्रीतीच्या हट्टापायी एका रविवारी तो अंबरनाथहून शेत बघायला आला.

परतीच्या पावसाचे दिवस होते, पण त्या दिवशी कडक ऊन होतं. वळणावर नदी संथ, हिरवी, मागे डोंगर. प्रीती बघतच राहिली. काठावरच्या झाडापासून पाण्यातल्या खांबापर्यंत जाड दोर ताणला होता. त्यावर निळी पिंपं तरंगत होती आणि खाली शिंपल्यांच्या जाळ्या लोंबत होत्या. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या ताईने काठाजवळची जाळी उचलली, एक मेलेला शिंपला सुरीने उघडून दाखवला. आत दुधी, चपटा मोती.

"हा अर्धवट राहिला. बाकीचे दिवाळीनंतर काढायचे." सुरी आकाशच्या हातात देऊन ती जाळी परत दोराला बांधू लागली.

"ताई, पाणी असं गढूळ का झालं?" प्रीतीने विचारलं.

ताईने वर पाहिलं. "वर कर्जतकडे पाऊस पडला वाटतं. तुम्ही मागे व्हा!"

बघता बघता पाणी तिच्या छातीला लागलं. वाहत आलेलं एक झाड पिंपांवर आदळलं, दोर करकरला आणि हातातली जाळी तिच्या पायाला गुंडाळली गेली.

"आकाश, पाय अडकला!"

आकाशला पोहता येत नव्हतं. एका हाताने दोर धरून तो पाण्यात शिरला. जाळी खोल होती, हात पोचेना. झाड सगळा दोर खेचत होतं आणि दोराबरोबर ताईलाही. त्याने तिच्या पलीकडे दोराला सुरी लावली.

"कापू नकोस! सगळं जाईल माझं!"

"तू जाशील, ताई!"

पाणी तिच्या हनुवटीला आलं. त्याने कापलं. उरलेला दोर खांबासकट, पिंपांसकट वाहून गेला. काठाकडच्या तुकड्याला धरून दोघं ओढत ओढत वर आली. प्रीतीने ताईला बखोटीला धरून गवतावर घेतलं.

ताई रडली नाही. लांब जाणाऱ्या निळ्या पिंपांकडे बघत म्हणाली, "आता खूश?"

तिच्या घोट्यातून रक्त येत होतं, त्यावर आकाशने आपला रुमाल बांधला.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. शिफ्टला दांडी मारून तो काठाकाठाने चालत निघाला. जांभूळ गावाच्या अलीकडे पाण्यात झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांत जाळ्या अडकलेल्या दिसल्या. बरेच शिंपले उघडे पडले होते, वास मारत होता. काही मात्र घट्ट मिटलेले होते. त्याने फोन लावला.

"ताई, थोडे जिवंत आहेत. काय करू?"

"उन्हात काढू नकोस," ती म्हणाली. "पाण्यातच धरून ठेव. मी रिक्षाने येते."